'डार्क वॉज द नाइट' मधली रात्र नेमकी कोणाची? (ब्लाइंड विली जॉन्सन, १९२७)

मंद्रसप्तक :

ब्लाइंड विली जॉन्सन यांच्याविषयी कुठेही वाचायला घेतले की एकच गोष्ट पुढे येते. टेक्सासमधला एक अंध, निराधार कृष्णवर्णीय गायक, त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते, त्याने आपले सारे दुःख एका शब्दहीन गाण्यात ओतले, आणि पुढे १९७७ साली ते गाणे नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून अंतराळात गेले. त्या तबकडीसाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी या निवडीचे कारण देताना जवळपास हाच सूर लावला होता. रात्र पडत आली आहे आणि निजायला जागा नाही, ही मानवजातीइतकीच जुनी अवस्था या गाण्यात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गोष्ट चटका लावणारी आहे आणि ती सांगणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही तिने मूळ गाण्यावर थोडा अन्यायच केला आहे असे माझे मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

आधी तारीख पाहू. हे ध्वनिमुद्रण ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये झाले. त्या काळी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्या आपली यंत्रे घेऊन दक्षिणेतल्या शहरांत मुक्काम ठोकत आणि आसपासच्या गायकांना बोलावून घेत. कोलंबिया कंपनीचा असाच मुक्काम डॅलसला पडला होता आणि त्याची सूत्रे फ्रँक वॉकर यांच्याकडे होती. आदल्याच दिवशी तिथे वॉशिंग्टन फिलिप्स या धार्मिक गाणी गाणाऱ्या गायकाची गाणी मुद्रित झाली होती. जॉन्सन यांनी एका दिवसात सहा बाजू (तबकडीच्या एका बाजूवर एक गाणे) गायल्या. त्यांतल्या पहिल्या दोन बाजूंची तबकडी कंपनीने सुरुवातीलाच ९,४०० प्रतींची काढली आणि ती खपल्यावर आणखी ६,००० प्रती काढल्या. बेसी स्मिथ ही त्या वेळी कोलंबियाची सर्वांत मोठी कृष्णवर्णीय गायिका होती, आणि तिच्या तेव्हाच्या ताज्या तबकडीपेक्षा हा आकडा मोठा होता. म्हणजे ज्या माणसाने हे गाणे गायले तो तिशीतला, आपल्या कलेत तयार असलेला आणि थोड्याच दिवसांत नावारूपाला येणारा गायक होता. त्याचे हालाखीतले मरण अजून जवळजवळ अठरा वर्षे दूर होते.

आता गाण्याच्या नावाकडे येऊ. 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' ही ओळ जॉन्सन यांची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस हॉइस या इंग्रज धर्मोपदेशकाने लिहिलेल्या एका भक्तिगीताची ती पहिली ओळ आहे. रात्र काळोखी होती, जमीन गार होती, आणि त्या जमिनीवर प्रभू पडून होता, असा त्या गीताचा आरंभ आहे. पुढच्या ओळींत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतो आणि तो यातनेत प्रार्थना करतो. म्हणजे ही रात्र येशू क्रुसावर जाण्याच्या आदली, गेथशेमाने बागेतली आहे. टेक्सासमधल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये हे गीत पिढ्यान् पिढ्या गायले जात होते, त्यामुळे तबकडी विकत घेणाऱ्याला लेबलावरचे नाव वाचताच संदर्भ लागत असणार.

ऐकताना तर हे अधिकच जाणवते. सुरुवातीला फक्त गिटार आहे. वरच्या तारांवरून सरकत येणारे दोनतीन स्वरसमूह येतात, त्यांना ठोस लय नाही. मग आवाज येतो, तो बहुतेक वेळ ओठ मिटून केलेल्या गुंजनाचा आहे, मधूनच त्याचा 'आ'कार होतो आणि पुन्हा मिटतो. अंगठा खालच्या तारेवर सैलसर पडत राहतो. सगळे गाणे जवळजवळ एकाच षड्जावर उभे आहे, आणि आवाज व गिटार एकच चाल थोड्या फरकाने, एकमेकांच्या मागेपुढे राहून म्हणतात. हे रस्त्यावर बसलेल्या माणसाचे स्वगत मला वाटत नाही. अख्खी मंडळी चर्चमध्ये बसून जे करत असे, ते इथे एका माणसाने एका गिटारवर केले आहे.

एक तांत्रिक बाब मला फार महत्त्वाची वाटते. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर होत असे, आणि भोंग्यासमोर मोठ्याने गावे लागे. मिटल्या ओठांचे असे गुंजन त्यात नीट उमटलेच नसते. मायक्रोफोन येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, म्हणून हे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले.

इथल्या जाणकारांचे मत वाचायला आवडेल. असहमती असल्यास तीही अवश्य मांडावी.

जुनी_तबकडी :

धागा आवडला. एक मुद्दा मात्र सुरुवातीलाच स्पष्ट व्हावा असे वाटते. हे गाणे ब्लूजच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लौकिक गाण्यांच्या) प्रत्येक यादीत असते, पण जॉन्सन यांच्या प्रसिद्ध झालेल्या तीस बाजूंपैकी एकही लौकिक अर्थाने ब्लूज नाही. १९२७ ते १९३० या काळात डॅलस, न्यू ऑर्लिन्स आणि अटलांटा इथे त्यांनी जे काही गायले ते सर्व धार्मिक आहे. ब्लूज ही त्यांच्या चर्चमधल्या लोकांच्या लेखी सैतानाची गाणी होती आणि ती गाणारा माणूस मंडळीतून उठवला जाई. कोलंबियाने त्यांच्या तबकड्या १४००० क्रमांकाच्या मालिकेत काढल्या. ही मालिका कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी होती, आणि तिच्यात बेसी स्मिथचे ब्लूज, धर्मोपदेशकांची प्रवचने व भक्तिगीते शेजारी शेजारी नांदत होती. 'डार्क वॉज द नाइट' याच मालिकेत निघाले आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला 'इट्स नोबडीज फॉल्ट बट माइन' होते.

ब्लूजशी त्यांचे नाते आहे ते वाद्याच्या अंगाने. तारेवर काच किंवा धातू सरकवून वाजवणे, गंधाराला कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी ठेवणे, गाण्याची ओळ अर्धी सोडून उरलेली गिटारकडून म्हणवून घेणे, हे सगळे ब्लूजवाल्यांचेच आहे.

अवांतर : त्याच सोनेरी तबकडीवर लुई आर्मस्ट्राँग यांचे 'मेलन्कली ब्लूज' आहे आणि तेही १९२७ च्याच मे महिन्यात शिकागोला मुद्रित झालेले आहे. म्हणजे नावात ब्लूज असलेले गाणे आहे ते जॅझ वादकांचे, आणि ब्लूज म्हणून ज्याचे कौतुक होते ते भक्तिगीत.

संगमनेरकर :

मी मराठी ख्रिस्ती कुटुंबातला आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. गेथशेमानेचा प्रसंग आमच्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी तो वाचला जातो. येशू तीन शिष्यांना बरोबर घेतो, जागे राहा म्हणतो, थोडे पुढे जाऊन जमिनीवर पालथा पडतो आणि हा प्याला माझ्यापासून टळून जावो अशी प्रार्थना करतो. परत येऊन पाहतो तर शिष्य झोपलेले असतात. त्याच्या सोबतीला कोणी नाही, हे त्या प्रसंगाचे खरे दुःख आहे. झोपायला जागा नाही ही अडचणच तिथे नाही, उलट ज्यांनी जागायचे तेच झोपले आहेत. सेगन यांचे वाक्य मी पूर्वी वाचले होते आणि तेव्हाच ते मला खटकले होते.

मंद्रसप्तक यांना एक प्रश्न आहे. चर्चमध्ये मंडळी जे करत असे, असे आपण म्हणता, म्हणजे नेमके काय? आमच्याकडे 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक हातात घेऊन सर्वजण एकत्र गातात. त्यात असे गुंजन कधी नसते.

मंद्रसप्तक :

संगमनेरकर, शिष्यांच्या झोपेचा मुद्दा अगदी नेमका आहे, माझ्या तो लक्षात आला नव्हता.

प्रश्नाविषयी सांगतो. गुलामगिरीच्या काळात आणि त्यानंतरही बराच काळ या मंडळींकडे भक्तिगीतांची पुस्तके पुरेशी नव्हती आणि बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यामुळे एक जण पुढे उभा राहून एकदोन ओळी झरझर म्हणून दाखवी आणि मग सारी मंडळी त्याच ओळी अतिशय विलंबित, प्रत्येक अक्षर ताणत म्हणे. आपल्याकडचे भजनी मंडळ पुढच्याने म्हटलेले मागून उचलते, तशीच ही रीत आहे, फरक इतकाच की इथे टाळमृदंग नाही, लय जवळजवळ विरघळलेली असते, आणि प्रत्येक जण चाल आपापल्या वळणाने घेतो. त्यामुळे एकाच चालीचे पंचवीस धागे एकमेकांत गुंतून वर उठतात. ही पद्धत मूळची ब्रिटनमधली आहे. आयझॅक वॉट्स या जुन्या गीतकारावरून कृष्णवर्णीय चर्चमध्ये अशा गीतांना 'डॉक्टर वॉट्स' असेच म्हणत, मग गीत कोणाचेही असो. आणि कडवी संपल्यावर तीच चाल शब्दांवाचून, नुसती गुणगुणत पुन्हा म्हणण्याची रीत होती. शब्द असले की सैतानालाही कळते, पण कण्हण्याचा अर्थ फक्त देवाला कळतो, असे जुनी माणसे सांगत.

जॉन्सन यांनी या मुद्रणात नेमका हा शेवटचा भाग उचलला आहे, असे मला वाटते. कडवी तर सर्वांना पाठच होती. त्यांनी गुंजन तेवढे ठेवले आणि मंडळीचे काम गिटारकडे दिले.

सरकती_काच :

मी हौसेने स्लाइड गिटार (तारेवर काच किंवा धातू सरकवून वाजवायची गिटार) वाजवतो, त्यामुळे वाद्याच्या बाजूने थोडे लिहितो. हे गाणे डी या स्वराच्या खुल्या जुळणीत आहे, म्हणजे सहाही तारा मोकळ्या छेडल्या तर सा, प, सा, ग, प, सा असा स्वरमेळ ऐकू येतो. खालचे सा आणि प सतत उपलब्ध असल्याने तानपुऱ्यासारखा आधार आपोआप मिळतो आणि डावा हात वरच्या एकदोन तारांवर चाल घ्यायला मोकळा राहतो. मुक्काम एकाच षड्जावर आहे हे मंद्रसप्तक यांचे निरीक्षण यातूनच येते. पाश्चात्त्य गाण्यात अपेक्षित असलेला दुसऱ्या सुरावटीवरचा पालट इथे जवळजवळ नाही, आणि आपल्या कानांना हे गाणे पहिल्याच फेरीत ओळखीचे का वाटते त्याचेही हेच कारण असावे.

त्यांच्या हातात काय होते यावर जाणकारांत अजून वाद आहे. काही जण खिशातला चाकू म्हणतात, काही बाटलीच्या मानेची नळी म्हणतात. मला नळीचा पक्ष पटतो, कारण चाकू धरला की करंगळी आणि अनामिका दोन्ही अडकतात आणि मधेच बोटाने दाबलेले स्वर घेणे अवघड होते. त्यांच्या इतर बाजूंत तसे स्वर स्पष्ट ऐकू येतात.

खरी करामत स्वर कुठे थांबतो त्यात आहे. घसरत जाणे सोपे असते. नळी पडद्याच्या बरोबर वर आणून थांबवायची, तिथे बारीक कंप द्यायचा, आणि तो कंप गळ्याच्या कंपाच्या वेगाचा ठेवायचा, हे अवघड आहे. मी कित्येक महिने फक्त सुरुवातीचा तुकडा घासला आहे आणि माझा कंप अजूनही त्यांच्यापेक्षा जलद होतो. जॉन्सन प्रत्येक स्वराला खालून येतात, पण नेमके त्याच्यावर उतरतात, बेसूर पाव मात्राही राहत नाही. शब्दांच्या गाण्यांत ते ओळीचा शेवटचा शब्द गिळतात आणि तो गिटारवर 'बोलतात'. 'नोबडीज फॉल्ट' मध्ये हे सहज लक्षात येते. 'डार्क वॉज द नाइट' मध्ये तेच तंत्र टोकाला नेले आहे, कारण सगळेच शब्द गिळलेले आहेत.

नवा_श्रोता :

अत्यंत माहितीपूर्ण चर्चा. मी लेड झेपलिन या रॉक बँडच्या वाटेने जॉन्सन यांच्यापर्यंत आलो. १९७६ च्या त्यांच्या अल्बमवर 'नोबडीज फॉल्ट बट माइन' आहे आणि श्रेय बँडमधल्या पेज व प्लँट यांच्या नावावर आहे. मूळ गाणे ऐकल्यावर मला ते श्रेय वाचून आश्चर्य वाटले.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या अंधत्वाविषयी सावत्र आईने डोळ्यांत लाय (त्वचा जाळणारा क्षार) टाकल्याची गोष्ट वाचली होती. ती खरी मानावी का? आणि काही गाण्यांत जो स्त्रीचा आवाज आहे तो त्यांच्या पत्नीचा, अँजेलिन यांचा, असेही वाचले.

जुनी_तबकडी :

लायची गोष्ट अँजेलिन जॉन्सन यांनी सांगितलेली आहे. १९५० च्या दशकात सॅम्युएल चार्टर्स हे संशोधक जॉन्सन यांचा माग काढत टेक्सासमधल्या बोमाँटला पोहोचले आणि तिथे त्यांना अँजेलिन भेटल्या. वडिलांनी सावत्र आईला मारले आणि तिने त्या रागात मुलाच्या डोळ्यांवर लायचे पाणी फेकले, असे त्यांचे कथन होते. ग्रहण पाहिल्यामुळे दृष्टी गेली, अशीही एक कथा सांगितली जाते. यांतली कोणतीही बाब कागदोपत्री सिद्ध झालेली नाही.

स्त्रीस्वराबाबत मात्र आता शंका उरलेली नाही. तो आवाज त्यांच्या पहिल्या पत्नीचा, विली बी. हॅरिस यांचा आहे. अँजेलिन यांनी तो आपला असल्याचे सांगितले होते आणि चार्टर्स यांनी ते छापलेही होते, पण पुढे हॅरिस यांचा शोध लागला आणि दुरुस्ती झाली. 'जॉन द रिव्हेलेटर' मध्ये जॉन्सन यांचा खरखरीत घोगरा आवाज आणि हॅरिस यांचे शांत, सरळ उत्तर एकमेकांशेजारी ऐकावे. ती घोगरी गर्जना ते मुद्दाम घेत, त्यांचा नैसर्गिक गळा बराच गोड होता आणि काही बाजूंवर तो ऐकू येतो. भर रस्त्यावर गर्दी थांबवायची तर असा आवाज लागतोच.

त्यांचे एकच छायाचित्र सर्वत्र दिसते. त्यात ते गिटार घेऊन बसलेले आहेत आणि गिटारच्या डोक्याला तारेने टिनचा पेला बांधलेला आहे. नाणी त्यात पडत.

ह्यूस्टनवासी :

बोमाँट आमच्यापासून दीड तासाच्या अंतरावर आहे, म्हणून लिहावेसे वाटले. बहुतेक जण जॉन्सन यांच्या शेवटाविषयी 'बेघर अवस्थेत मेले' असे लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात १९४५ च्या सुमारास ते बोमाँटमध्ये फॉरेस्ट स्ट्रीटवर 'हाउस ऑफ प्रेयर' चालवत होते आणि शहराच्या नोंदीत त्यांच्या नावामागे 'रेव्हरंड' आहे. ज्याचा पत्ता छापलेला आहे आणि ज्याच्या दारी लोक प्रार्थनेला येतात, त्याला रूढ अर्थाने बेघर म्हणता येत नाही.

अँजेलिन यांनी सांगितलेला शेवट असा आहे. घर जळाले, आग विझवताना सगळे ओले झाले, जाण्यासारखी दुसरी जागा नसल्याने दोघे ओल्या अंथरुणावर वर्तमानपत्रे पसरून झोपले, जॉन्सन यांना न्यूमोनिया झाला आणि रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतले नाही. मृत्यूच्या दाखल्यावर १८ सप्टेंबर १९४५ ही तारीख आहे आणि कारण हिवतापाचे दिले आहे, शिवाय सिफिलिस आणि अंधत्व यांचाही उल्लेख आहे. दाखला आणि पत्नीचे कथन यांत फरक आहे. रुग्णालयाविषयी मी एवढेच म्हणेन की जून १९४३ मध्ये याच बोमाँटमध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय वस्तीत घुसून जाळपोळ केली होती. अशा गावात अंध कृष्णवर्णीय रुग्णाला दारातून परत पाठवले गेले असेल, हे अविश्वसनीय मुळीच नाही.

त्यांना ब्लँशेट दफनभूमीत पुरले. नेमकी जागा कोणालाच माहीत नाही, आता तिथे स्मरणशिळा आहे. दफनभूमी सखल भागात असल्याने पाणी भरते. 'हाउस ऑफ प्रेयर' जिथे होते तिथे आज दुसरे चर्च आहे आणि टेक्सासच्या ऐतिहासिक आयोगाने २०१० मध्ये तिथे फलक लावला आहे. मी गेलो तेव्हा रविवारची प्रार्थना सुटत होती. फलक वाचत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून एका वृद्ध बाईंनी कोणाकडे आला आहात, अशी चौकशी केली. त्यांनी जॉन्सन यांचे एकही गाणे ऐकलेले नव्हते, 'डार्क वॉज द नाइट' हे भक्तिगीत मात्र त्यांना येत होते.

केरीकर :

सोनेरी तबकडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवतो, आणि ती अवांतर नाही. त्या तबकडीवरच्या संगीताच्या २७ तुकड्यांमध्ये जॉन्सन यांचे गाणे शेवटून दुसरे आहे. त्यांच्या नंतर बीथोवनच्या चौकडीतला एक संथ भाग आहे आणि तिथे संगीत संपते. त्यांच्या लगेच आधी आहे ती केसरबाई केरकर यांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची भैरवी संपते आणि तिच्या पाठोपाठ सव्वातीन मिनिटांचे 'डार्क वॉज द नाइट' सुरू होते. फोंडा तालुक्यातल्या केरी गावची ही बाई आणि टेक्सासमधल्या मार्लिनला लहानाचा मोठा झालेला हा गायक असे शेजारी बसले आहेत.

केसरबाईंची निवड रॉबर्ट ब्राउन या संगीतसंशोधकांच्या शिफारशीवरून झाली. त्यांची ती तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती आणि सेगन यांच्या समितीतल्या ॲन ड्रुयन यांना ती अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली.  व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ चे आणि केसरबाईंचे निधन त्याच महिन्याच्या १६ तारखेचे.

दोन्ही तुकडे सलग ऐकावेत असे मी सुचवीन. केसरबाईंचा आवाज पूर्ण खुला, आकारात फेकलेला, वरच्या सप्तकातही न बारीक होणारा आहे, कारण अल्लादिया खाँसाहेबांची तालीमच तशी होती. त्यानंतर जॉन्सन यांचा मिटलेला आवाज येतो. ज्याने कोणी हा क्रम लावला त्याचा कान उत्तम होता, एवढे नक्की.

शंकासुर :

इतका वेळ सगळ्यांचे एकमत चालले आहे म्हणून विरुद्ध बाजू घेतो. मूळ भक्तिगीताचा संदर्भ मान्य आहे. पण ज्या क्षणी जॉन्सन यांनी शब्द काढून टाकले, त्या क्षणी त्यांनी स्वतःच त्या गाण्याला गेथशेमानेच्या बागेतून बाहेर काढले. येशूचे नाव ठेवायचे असते तर त्यांना कोणी अडवले होते? त्याच दिवशी त्यांनी गायलेल्या इतर बाजूंत येशू आहे, बायबलमधला शमशोन आहे, आईवेगळी पोरेही आहेत, सगळे शब्दांत स्पष्ट सांगितलेले. एवढी एकच बाजू शब्दांविना ठेवली, तर ती ज्याची त्याने भरावी म्हणूनच ठेवली असणार. सेगन यांनी ती बेघर माणसाने भरली, दिग्दर्शक पासोलिनी यांनी १९६४ च्या येशूवरच्या चित्रपटात ती पुन्हा येशूच्या जवळ नेली, गिटारवादक राय कूडर यांनी 'पॅरिस, टेक्सास' या चित्रपटाच्या संगीतात तिच्यापासून वाळवंट उभे केले. यांतले एकच बरोबर आणि बाकीचे गैरसमज, असे आपण कशाच्या आधारावर म्हणणार? आणि टिनचा पेला गिटारला बांधून हिंडणाऱ्या माणसाला रात्री कुठे टेकायचे हा प्रश्न कधीच पडला नसेल, असे मानणे मला तरी जमत नाही.

मंद्रसप्तक :

शंकासुर, आपला आक्षेप वजनदार आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने उत्तर देतो.

शब्द काढले म्हणजे संदर्भ काढला, हे मला मान्य नाही. लेबलावर गीताची पहिली ओळ शीर्षक म्हणून छापलेली आहे, आणि ऐकणाऱ्याला पुढची कडवी पाठ आहेत. अशा वेळी गुंजन हे त्या कडव्यांचेच गुंजन असते. आपल्याला ते मोकळे वाटते कारण ती कडवी आपल्याला येत नाहीत. ह्यूस्टनवासी यांना भेटलेल्या बाईंना ते मोकळे वाटले नसते.

पण टेकायला जागा नसण्याविषयी आपण जे म्हणता ते मी वेगळ्या रीतीने स्वीकारतो. त्या चर्चमध्ये बायबलमधले प्रसंग कोणे एके काळी घडलेले म्हणून गायले जात नसत. मिसरच्या दास्यातून सुटणारे इस्राएल म्हणजे आपणच, आणि रात्री एकटा पडलेला, सकाळी जमावाच्या हाती लागणारा येशू म्हणजे आपल्यातलाच एक जण, या भावनेने ते गायले जात. १९२७ च्या टेक्सासमध्ये सकाळी जमावाच्या हाती लागणे ही रूपकातली भीती नव्हती, दरवर्षी माणसे झाडांना टांगली जात होती. त्यामुळे ती रात्र येशूची होती आणि गाणाऱ्यांचीही होती, त्यात निवड करण्याची त्यांना गरज पडली नसावी. माझा विरोध आहे तो तिला फक्त निवाऱ्याच्या प्रश्नावर आणून ठेवण्याला. १९४५ मधल्या जळालेल्या घराची आणि ओल्या वर्तमानपत्रांची गोष्ट १९५० च्या दशकात बाहेर आली, लोकांच्या मनात ती घट्ट बसली, आणि मग १९२७ चे गाणे तिच्या चष्म्यातून ऐकले जाऊ लागले. आपल्या मरणाचे गाणे माणूस अठरा वर्षे आधी गात नाही.

पासोलिनी यांचा उल्लेख केलात हे बरे झाले. तिन्हींपैकी गाण्याच्या घराच्या सर्वांत जवळ तेच पोहोचले आहेत, आणि ते इटलीतले नास्तिक मार्क्सवादी होते, ही गंमत आहे.

सरकती_काच :

राय कूडर यांच्याविषयी थोडे. त्यांनी हे गाणे १९७० च्या आपल्या पहिल्याच अल्बमवर वाजवले आहे आणि 'पॅरिस, टेक्सास' चे संगीत त्यानंतर चौदा वर्षांनी आले. त्यांचे वादन अतिशय सुंदर आहे, पण ते मोकळ्या जागा जास्त सोडतात, दोन वाक्यांमध्ये श्वास घेऊ देतात. मूळ मुद्रणात अशी उसंत नाही. आवाज थांबतो तिथे गिटार आधीच बोलू लागलेली असते. मंडळीने एका माणसाला एकटे पडू न देणे, असे जे मंद्रसप्तक सुचवत आहेत, ते मला वाजवताना इथे सापडते. शंकासुर यांचे वाळवंट कूडर यांच्या वादनात आहे, जॉन्सन यांच्या वादनात ते नाही.

शंकासुर :

हा युक्तिवाद मला मंद्रसप्तक यांच्या युक्तिवादापेक्षा अधिक पटला, कारण तो कानाने पडताळून पाहता येतो. दोन्ही मुद्रणे पुन्हा ऐकली. उसंतीबाबत आपले म्हणणे खरे आहे. ज्याची त्याने भरावी हे माझे मत मात्र मी मागे घेत नाही.

नवा_श्रोता :

जॉन्सन यांचे आणखी काय ऐकावे, आणि कोणत्या क्रमाने? सर्व तीस बाजू सलग ऐकायचा प्रयत्न केला, पण घोगऱ्या आवाजाने दहाबारा गाण्यांनंतर थकवा आला.

जुनी_तबकडी :

सलग ऐकू नयेत. या गाण्यांचा घास एका वेळी दोन बाजूंचाच आहे, तबकडी तेवढीच होती.

पहिल्यांदा 'मदर्स चिल्ड्रन हॅव अ हार्ड टाइम' घ्यावे. लेबलावर छपाईची चूक आहे, ते गातात 'मदरलेस', म्हणजे आईवेगळी मुले. यात स्लाइड सर्वांत चपळ आहे. मग 'जीझस इज कमिंग सून', जे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीवर आहे. त्यानंतर १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला मुद्रित झालेले 'गॉड मूव्ज ऑन द वॉटर' घ्यावे, ते टायटॅनिकच्या बुडण्यावर आहे. आपल्याकडे शाहीर ताज्या घटनेवर पोवाडा रचत तसा हा प्रकार रस्त्यावरच्या गायकांत रूढ होता, आणि जॉन्सन त्यात तरबेज होते. १९३० मधले अटलांटाचे 'द सोल ऑफ अ मॅन' हॅरिस यांच्या साथीसह ऐकावे. तोवर मंदीने रेकॉर्डचा धंदा बसला होता, तबकड्यांच्या प्रती हजारांवरून शेकड्यांवर आल्या होत्या, आणि एप्रिल १९३० नंतर त्यांना कोणी मायक्रोफोनसमोर बोलावले नाही. पुढची पंधरा वर्षे ते गात होते, उपदेश करत होते, पण त्याचा एकही स्वर जपलेला नाही.

'डार्क वॉज द नाइट' साठी १९९३ चा कोलंबियाचा दोन डिस्कचा संपूर्ण संच चांगला आहे. जुन्या तबकडीची खरखर फार पुसलेली प्रत घेऊ नये, कारण खरखरीबरोबर नळीचा तारेवर घासण्याचा आवाजही जातो.

सरकती_काच :

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. तो घासण्याचा आवाज गेला की नळी कुठून निघाली ते कळत नाही. ज्यांना हे वाजवून पाहायचे आहे त्यांनी मूळ मुद्रणाबरोबर जुळवताना गिटार डीपेक्षा किंचित चढी लावून पाहावी, आणि पहिले काही दिवस उजव्या हाताचा अंगठा वापरूच नये. आधी एका तारेवर नुसते गुंजन जमले पाहिजे.